आमच्याकडे विमान हाय

मूल खोटं बोललं तर आईनं काय करावं, यावर मोबाइलवर भरपूर व्हिडिओ आहेत आणि ते सगळे मी पाहिलेले आहेत. ओरडू नका, गुडघ्यावर बसा, मुलाच्या डोळ्यांत बघा, स्वतः एक ग्लास पाणी प्या. पण मुलीनं वर्गात मारलेली थाप खरी करण्यासाठी दहा फुटी विमान बांधायची वेळ आली, तर ते वन बीएचकेमध्ये नेमकं कुठे बांधावं, यावर एकही व्हिडिओ नाही. ही उणीव भरून काढणं मी माझं कर्तव्य समजते.

आमची रिद्धी पहिलीत आहे. घरी ती पंख्याशी बोलते, पालीशी बोलते, दांडी गावात असलेल्या आज्जीशी तर फोन गरम होऊन आपोआप बंद पडेपर्यंत बोलते. पण शाळेच्या गेटातून आत पाऊल टाकलं की तोंडाला कुलूप. जूनमध्ये शाळा सुरू झाली, दिवाळी जवळ आली, तरी वर्गात एक अक्षर नाही. मी बोईसरच्या डॉक्टरांना दाखवलं, पालघरच्या डॉक्टरांना दाखवलं. दोघंही म्हणाले, "बोलेल." मी "कधी?" विचारेपर्यंत दोघांनीही घंटी वाजवून पुढचा पेशंट आत घेतला होता. तिच्या मंदा टीचर फार भल्या बाई. त्यांनी एकदा मला बाजूला घेऊन अगदी गोड आवाजात सांगितलं, "वर्षअखेरीपर्यंत बोलली नाही तर आपण तिला पुन्हा केजीत बसवू या का? विचार करा हं." मी विचार केला. त्यानंतर मी दुसरा कसलाच विचार करू शकले नाही.

आणि एक दिवस टीचर गेटवरूनच हात हलवत आल्या.

"रिद्धीची मम्मी! बोलली! आज रिद्धी बोलली!"

माझ्या हातातली पाण्याची बाटली पडली आणि गडगडत रिक्षाखाली गेली.

"काय बोलली?"

"वाहनांचा धडा चालला होता. कोणाच्या घरी काय आहे, विचारत होते. कोणी बाइक सांगितली, कोणी रिक्षा. दर्पण म्हणाला, आमच्याकडे टेम्पो आहे. आणि एकदम मागच्या बाकावरून आवाज आला, 'आमच्याकडे विमान हाय.' मी म्हटलं, कुठे आहे गं? तर म्हणते, 'हॉलमधे.'" टीचरनी डोळे पुसले. "आता थाप आहे, पण असू दे हो. दर्पण मात्र म्हणाला, खोटारडी. मग परत गप्प बसली."

आता माझ्या सासऱ्यांची, धर्माजींची, खरीखुरी मासेमारीची होडी दांडीच्या किनाऱ्यावर उभी आहे. पोरीनं होडी सांगितली असती तर मी दोन फोटो नेऊन दाखवले असते आणि विषय संपला असता. पण घरात होडी असलेल्या माणसाला विमानच सांगावंसं वाटतं, त्याला आपण काय करणार? मी रिद्धीकडे बघितलं. ती बुटाच्या टोकाकडे बघत होती. खालचा ओठ आत गेला होता. हा ओठ एकदा आत गेला की महिनोन्‌महिने बाहेर येत नाही, हे मला माहीत आहे.

"थाप नाहीये," मी म्हटलं. "विमान आहे. म्हणजे, होतंय. बनवतोय आम्ही घरी."

"खरंच?" टीचर खाली वाकल्या. "हो का गं रिद्धी?"

"हो," मी म्हटलं. "मोठं आहे."

"मग डिसेंबरच्या प्रदर्शनात आणा की! रिद्धीच माहिती सांगेल."

"सांगेल ना," मी म्हटलं. "का नाही सांगणार?"

घरी येऊन मी शैलेशला सांगितलं. शैलेश, म्हणजे माझा नवरा, एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत शिफ्टला असतो. तो नाइट करून आलेला असला की जगातल्या कुठल्याही संकटावर एकच उपाय सुचवतो आणि तो म्हणजे बाजारातून आणणं.

"खेळण्यातलं आण ना एक. बोईसर स्टेशनसमोर मिळतात. लाइटसुद्धा लागतो."

"ती 'हॉलमधे' म्हणालीये. टीपॉयवर म्हणालेली नाही. हॉल भरेल एवढं पाहिजे."

त्यानं डोळे मिटल्या मिटल्या विचारलं, "आणि ते बनवणार कोण?"

मी बी.एस्सी. आहे. रसायनशास्त्र. त्याचा विमानाशी संबंध नाही हे मलाही कळतं, पण त्या क्षणी कोणीतरी काहीतरी असणं गरजेचं होतं.

मी टेप घेऊन हॉल मोजला. नेहमीचं प्रवासी विमान साधारण एकशेवीस फूट लांब असतं असं वाचलं, मग सोपा हिशेब केला: एका फुटाला एक इंच. दहा फुटांचं विमान. सोफा बाल्कनीत गेला. टीव्ही बेडरूममध्ये गेला. कपड्यांचा स्टँड कुठे गेला हे अजून सापडलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात पुन्हा विमानाचा विषय निघाला. आई बनवतेय म्हटल्यावर थाप आपोआप खरी झाली होती, आणि खरं सांगायला रिद्धीची हरकत नसावी. टीचरचा व्हॉइस मेसेज आला: "आज म्हणाली, विमानाला खूप खिडक्या आहेत आणि सगळ्यांतून दिसतं." मी आनंदानं रडले. मग माझ्या लक्षात आलं की मला आता खूप खिडक्या करायच्या आहेत आणि सगळ्यांतून दिसायला हवं.

हे असंच सुरू झालं. ती रोज एक वाक्य बोलायची आणि मी रोज ते बांधायचे. "आत खुर्च्या आहेत. पट्टा पण आहे." मी जुनी योगा मॅट कापून एका रांगेत सहा अशा खुर्च्या करत सुटले, आणि प्रत्येक खुर्चीला रिबनीचा पट्टा लावला. "दार उघडलं की शिडी येते." शिडी केली. "पायलटला मिशी आहे." मिशी केली, शैलेशच्या दाढीच्या ब्रशमधून. त्याला ते कळलं तेव्हा तो आरशासमोर बराच वेळ ब्रश उलटासुलटा करून बघत होता. मग एका दुपारी मेसेज आला, टीचर हसू दाबत होत्या: "आज म्हणाली, विमानात संडास आहे आणि पाणी येतं."

पाणी! आमच्या इमारतीत पाणी दिवसातून एकदा येतं. पण बोलली ना पोरगी, आणि अख्खं वाक्य बोलली. मी शिशीचं झाकण, इंजेक्शनची सिरिंज आणि सलाइनची नळी घेऊन बसले. विमानाच्या शेपटाजवळ जी खोली आहे तिचं दार उघडून मागचं बटण दाबलं की खरोखर पाणी येतं. एवढं बारीक काम जगात कोणीतरी बघावं असं मला फार वाटत होतं, हे इथे नोंदवून ठेवते.

खिडक्यांचा प्रश्न सरावलीच्या भंगारवाल्यानं सोडवला. त्याच्या गोदामात औषध कंपन्यांचा रिजेक्ट माल येतो. कॅप्सूलची रिकामी पाकिटं बघितलीत कधी? तो जो पारदर्शक, लांबट, गोल कडांचा खळगा असतो, ती विमानाची हुबेहूब खिडकी असते. मी पोतंभर मागितली.

"भाभी, दवाई तो इसमें है नहीं," तो काळजीनं म्हणाला.

"मुझे सिर्फ खिडकी चाहिए."

त्यानं रिद्धीकडे बघितलं. "बेटा, मम्मी की तबियत ठीक है?"

"ठीक है," मी म्हटलं. "एकदम ठीक."

त्याच्याकडेच गोळ्यांच्या पाकिटांची चांदी मिळाली, रिळंच्या रिळं. पुठ्ठ्यावर ती डकवली की विमानाचं अंग असं चकाकतं की बघत राहावं. फक्त शेपटीवरचा एक तुकडा घाईत उलटा लागला, त्यामुळे तिथे इंग्रजीत 'लहान मुलांपासून दूर ठेवा' असं ओळीनं सतरा वेळा छापलेलं आहे. विमान कंपनीचं नाव समजावं.

मग शेजाऱ्यांना कळलं. समोरच्या किंजलबेन ढोकळ्याची प्लेट घेऊन आल्या त्या थेट पंखाच्या जागी बसल्या.

"समिधाबेन, पंख थोडे छोटे राखो. वळायला प्रॉब्लेम थशे."

"ते वळणार नाहीये, किंजलबेन."

"तो पछी नंतर काय करणार एवढ्या मोठ्या विमानाचं? माझ्या भाचीच्या लग्नात स्टेजवर वर-वधूला यात बसवू. रिद्धी, ढोकळा भावे छे ने?"

"तिला तिखट चालत नाही," मी म्हटलं.

रिद्धीनं ढोकळा उचलला आणि मिरचीसकट खाल्ला. मुलं कधीकधी दुसऱ्यांकडे असं वागतात.

तिसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी कमलाकांत काका आले. ते सरकारी खात्यातून निवृत्त झाले आहेत, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. मला पंखांचे सांगाडे गच्चीत उन्हात ठेवायचे होते. डिंक नीट वाळला नाही की पंख मुरडतो, आणि आमच्या हॉलमध्ये ऊन फक्त मे महिन्यात येतं. मी परवानगी मागितली.

"विमान हे वाहन आहे का?" काकांनी विचारलं.

"नाही हो काका, मॉडेल आहे."

"मॉडेल कुठलंही असू दे. वाहन असेल तर पार्किंगचा स्टिकर लागेल."

"वाहन नाहीये."

"मग फर्निचर आहे. फर्निचर जिन्यात, पॅसेजमध्ये आणि गच्चीत ठेवायचं नाही, असा ठराव आहे."

"सजावट समजा."

"सजावटीला हरकत नाही," काकांचा चेहरा उजळला. "सणाचं नाव सांगा."

 शेवटी त्यांनी तोडगा काढला की वार्षिक सभेत विषय मांडावा. वार्षिक सभा ऑगस्टमध्ये झाली होती.

त्यामुळे पंख दांडीला गेले. माझ्या सासूबाई जमनाबाई फोनवर म्हणाल्या, "आण गो इथं. आंगण हाय, ऊन हाय, वारा हाय. तुमच्या डब्यात काय हाय?" पंखांच्या कामट्याही त्यांनीच दिल्या होत्या, जुन्या बांबूंमधून फोडून. मी आणि शैलेशनं बाइकवर एकेक करून दोन्ही सांगाडे नेले. प्रत्येकी साडेचार फूट, मधोमध दोन जाड कामट्या आणि त्यांवर समान अंतरावर आडव्या पट्ट्या. हे समान अंतर राखायला मी जे डोळे फोडले ते माझं मला माहीत. सासूबाईंनी सांगाडा हातात घेतला, एका डोळ्यानं लांबीत बघितला, बोटानं गाठी दाबून बघितल्या.

"चांगलं बांधलंस," त्या म्हणाल्या.

लग्नाला आठ वर्षं झाली. माझा चहा, माझी भाकरी, माझं बाळंतपण, यांतल्या कशालाही हे शब्द लाभलेले नाहीत. परतताना मी बाइकवर मागे बसून गात होते, असं शैलेश सांगतो.

रविवारी आम्ही तिघं पंख आणायला गेलो. दांडीला त्या दिवसांत वाडीभर बोंबील सुकत असतात. बांबूच्या उभ्या-आडव्या सांगाड्यांवर, म्हणजे वलांड्यांवर, दोन-दोन बोंबील तोंडात तोंड अडकवून लटकवायचे आणि वाऱ्यावर सोडून द्यायचे. अंगणात शिरलो तर वलांडी भरलेली होती. तिच्या बाजूला आणखी दोन लहान वलांड्या उभ्या होत्या, आणि त्यासुद्धा भरलेल्या होत्या. लहान वलांड्यांच्या आडव्या पट्ट्या फारच सुबक, समान अंतरावर होत्या.

ते माझे पंख होते.

"बघ," सासूबाई अभिमानानं म्हणाल्या. "आख्ख्या दांडीत अशी सरळ वलांडी कोनाकडं नाय. एकपन बोंबील दुसऱ्याला लागत नाय. शेजारची तानी मोजायला आली होती."

"आई! हे विमान आहे!"

"आता उडतंय का?"

"नाही, पण..."

"नाय ना? मग उभंच हाय तवर बोंबील सुकले, तर त्याचं काय झिजलं?"

मी शैलेशकडे बघितलं. शैलेश बोंबलांकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भूक होती. रिद्धी दोन्ही पंखांच्या मधून वाकून आरपार धावत होती आणि आज्जीला काहीतरी सांगत होती.

"बघा, किती नाराज झालीये," मी म्हटलं. "तिला फार वाईट वाटलंय. तिला वाटतंय की आता..."

"तिला तोंड हाय गो," सासूबाई म्हणाल्या. "ते कवातरी तिला वापरू दे."

 माझं माहेर पाम गावचं, आम्ही वाडीवाले, चिकूची बाग, मोठ्यांना उलटून बोलायची आमच्यात पद्धत नाही. मनात मात्र मी त्यांना सविस्तर उत्तर दिलं. ते तारापूरच्या नाक्यापर्यंत पुरलं.

आता बी.एस्सी.चा उपयोग होईल असं मला वाटलं. मी पंखांना व्हिनेगर लावलं. खाण्याचा सोडा लावला. लिंबू, कॉफी, कडुनिंब, गुलाबपाणी. धूप घातला. त्यानंतर पंखांना धूप घातलेल्या, गुलाबपाण्यातल्या बोंबलांचा वास येऊ लागला. नवे पंख बांधायला वेळ नव्हता, प्रदर्शन तोंडावर आलं होतं. वरून पुठ्ठा आणि चांदी डकवली की वास आत कोंडला जाईल, असं माझं शास्त्रीय अनुमान होतं. ते मांजरांना मान्य नव्हतं.

पहिलं मांजर सकाळी दूधवाल्याबरोबर आलं. संध्याकाळपर्यंत आमच्या दारात इतकी मांजरं बसली होती की शैलेशला शिफ्टला जाताना 'एक्सक्यूज मी' म्हणावं लागलं. बोका खिडकीच्या गजाला चिकटून होता. इंजिनावर पंजाची खूण उठली. कमलाकांत काकांनी नोटीस बोर्डावर लिहिलं, 'विमानामुळे मांजरांचा उपद्रव वाढला असून संबंधितांनी विमान आवरावे.' संबंधितांचा फ्लॅट नंबर कंसात दिला होता.

"ए समिधाबेन," किंजलबेन दारातून नाकाला ओढणी लावून म्हणाल्या, "आमच्या घरी कांदा-लसूणपण नाही खात, आणि माझ्या देवाऱ्यात बोंबील आवी गयो."

उपाय एकच होता. पंखांवर व्हार्निशचे थरावर थर मारून वास कायमचा बंद करणं. स्प्रेचे डबे आणले. दारं-खिडक्या उघड्या ठेवाव्यात असं डब्यावर लिहिलं होतं, पण उघडायची कशी? बाहेर सगळी मांजरं जमलेली होती. वाफ रिद्धीच्या नाकात जायला नको म्हणून तिला समोर किंजलबेनकडे पाठवलं, आणि दोन दारं पलीकडे असली तरी खबरदारी म्हणून घरातला एकुलता एक चांगला मास्क तिला लावून पाठवला. मी तोंडाला ओढणी बांधली, दारं-खिडक्या गच्च बंद केल्या आणि दुपारभर फवारत बसले. पंख काचेसारखे झाले. मी नाक टेकवून वास घेतला. काही नाही! जिंकले! मी आनंदानं शैलेशला हाक मारली.

"फस्स," असा आवाज आला.

पुन्हा मारली. पुन्हा "फस्स."

डॉक्टर म्हणाले, घशाला सूज आहे, धोका काही नाही, आठवडाभर एक शब्द बोलायचा नाही. आणि प्रदर्शन दुसऱ्या दिवशी होतं.

इथे मला माझी तयारी सांगायला हवी. मी रिद्धीला पाच ओळी पाठ करून दिल्या होत्या. 'हे एक प्रवासी विमान आहे' अशी सुरुवात होती, 'आम्ही टाकाऊपासून टिकाऊ वस्तू बनवली' असा शेवट होता. ती पहिल्या ओळीला अडकली तर दुसरी मी म्हणणार, दुसरीला अडकली तर तिसरी मी, आणि पाहुण्यांचे प्रश्न आलेच तर उत्तरं मीच देणार. एकंदरीत तिला काहीच त्रास होऊ नये अशी व्यवस्था होती. त्या व्यवस्थेतला मीच एक भाग निकामी झाले होते. मी कागदावर लिहून शैलेशला दाखवलं: 'ती परत गप्प बसली तर?' त्यानं वाचलं आणि पहिल्यांदाच काही उपाय सुचवला नाही. बाजारात मिळण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

सकाळी टेम्पो आला. तो नेमका दर्पणच्या वडिलांचा, सुकाभाऊंचा. त्यांनी विमान पाहून शीळ घातली. "आयला! आमचा पोरगा म्हनत होता, खोटं हाय म्हनून." मी त्यांना सडेतोड उत्तर दिलं. "फस्स." तेवढ्यात सासूबाई दांडीहून रिक्षानं आल्या, नातीचं बघायला, आणि येतेच आहे तर बाजारही होईल म्हणून सुक्या बोंबलांची पाटी घेऊन आल्या. पाटी कुठे ठेवायची? टेम्पोत. टेम्पोत कुठे? पंखाखाली. मी दोन्ही हातांनी जे काही सांगायचा प्रयत्न केला, त्याचा अर्थ त्यांनी 'अजून आत सरकवा' असा घेतला.

वाटेत एका नाक्यावर हवालदारानं टेम्पो अडवला. ताडपत्रीखालून एवढं मोठं चकचकीत काहीतरी दिसत होतं आणि तारापूरच्या अणुवीज केंद्रामुळे आमच्या भागात असल्या गोष्टींची चौकशी होते, ते बरोबरच आहे.

"काय आहे आत?"

शैलेशनं खरं सांगायला तोंड उघडलं. हवालदारानं ताडपत्री वर केली, एक श्वास घेतला आणि खाली टाकली. "सुकट आहे होय. जाऊ द्या."

शाळेच्या हॉलमध्ये विमान जोडलं तेव्हा खरंच सगळे भोवती गोळा झाले. दहा फूट लांब, चांदीचं, खिडकीखिडकीतून आतल्या खुर्च्या दिसताहेत, पायलटला मिशी. मोठ्या बाई आल्या, प्रमुख पाहुणे आले. ते कोणी निवृत्त इंजिनिअर होते, चष्मा काढून वाकून वाकून बघत होते. मंदा टीचरनी रिद्धीला पुढे केलं आणि माइक तिच्या हनुवटीशी धरला.

"सांग बाळा. काय आहे हे?"

रिद्धी गप्प.

"हे एक..." टीचरनी सुरुवात करून दिली.

रिद्धीनं बुटांकडे बघितलं. खालचा ओठ हळूहळू आत जायला लागला. मी तिच्या मागेच उभी होते. मी तोंड उघडलं, मान ताणली, पोटातून जोर लावला. 'हे एक प्रवासी विमान आहे.' सहज सोपी ओळ. हवा गेली, आवाज आला नाही. हॉलमध्ये खुर्च्या सरकायला लागल्या. मोठ्या बाईंनी घड्याळाकडे बघितलं. मंदा टीचरनी माझ्याकडे ज्या मायेनं बघितलं, त्या नजरेत मला केजीचा वर्ग स्पष्ट दिसला, भिंतीवरच्या जिराफासकट.

तेवढ्यात दर्पण ओरडला, "वास येतोय! विमानाला मासळीचा वास येतोय!"

सगळा हॉल हसला. मुलांनी नाकं दाबली. रिद्धीनं वळून माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी सांगणार याची तिनं वाट बघितली. नेहमी मीच सांगते. मी पुन्हा तोंड उघडलं. फस्स. तिनं आणखी थोडा वेळ वाट बघितली. मग ती दर्पणकडे वळली.

"मासळीचा नाय. बोंबलांचा हाय," ती म्हणाली.

हसणं थांबलं.

"ही वलांडी हाय. माझ्या आज्जीची," रिद्धी पंखाकडे बोट दाखवून म्हणाली. "ह्याला बोंबील लावायचे, असे, तोंडात तोंड अडकवून. मग विमान वर जातं. वर ऊन जास्त असतं. म्हणून लवकर सुकतात."

पाहुण्यांनी चष्मा डोळ्यांवर घातला. "आणि विमानच कशाला?"

"खाली मांजरी असतात. वर मांजरी नसतात."

हे ऐकून पाहुणे मान डोलवायला लागले. "बरोबर आहे. अगदी बरोबर. आणि मग या खुर्च्या कोणासाठी?"

"बायकांसाठी. बाजारात जायला. पाटी मांडीवर नाय घ्यायची, वर ठेवायची. पट्टा लावायचा. संडास पण हाय, कारण गाडीत नसतो." तिनं मागचं दार उघडून बटण दाबलं. पाणी आलं. हॉलमधल्या सगळ्या आयांनी टाळ्या वाजवल्या.

प्रवासी विमान नाही, टाकाऊपासून टिकाऊ नाही, माझ्या पाच ओळींतला एक शब्द नाही. आणि ती थांबेना. दर्पणला म्हणाली, तू नाक दाबलंस म्हणून तुला शिडीवरून नेणार नाय. मोठ्या बाईंना म्हणाली, तुमी पुढं बसा, पायलटच्या बाजूला, पण त्याच्या मिशीला हात नाय लावायचा.

"आणि हे सगळं तुझ्या आज्जीनं बनवलं?" पाहुण्यांनी विचारलं.

"हो," रिद्धी म्हणाली.

मी दोन्ही हात हलवले. मी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, मग खिडक्यांकडे, खुर्च्यांकडे, पुन्हा स्वतःकडे. मंदा टीचर धावत आल्या आणि त्यांनी मला पाण्याचा ग्लास दिला.

सासूबाईंना पुढे बोलावलं. त्या पाटी बाजूला ठेवून, पदर सावरून आल्या. शाल घातली, नारळ दिला. "आजी, एवढं बारीक काम कसं जमलं?" पाहुण्यांनी विचारलं. सासूबाईंनी विमानाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, शालीची ऊब चाचपून बघितली आणि शांतपणे म्हणाल्या, "आमच्या घरात समद्यांना जमतं. ऊन पन चांगलं होतं यंदा."

"आणि रिद्धी," मोठ्या बाई खाली वाकल्या, "तुझी आई काय करते गं?"

रिद्धीनं विचार केला. अगदी प्रामाणिकपणे, भुवया आक्रसून केला.

"आई काय नाय करत," ती माइकमध्ये म्हणाली. "आई बघते."

हॉलमधल्या सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. मला सांगायचं होतं की मी बी.एस्सी. आहे, की प्रत्येक खुर्चीला पट्टा मी शिवलाय, की ते पाणी सिरिंजनं येतं आणि ती सिरिंज बसवायला मला तीन वेळा शेपूट उघडावी लागली. मी तोंड उघडलं, फस्स झालं, आणि मंदा टीचरनी ग्लास पुन्हा भरला. पलीकडे रिद्धीनं टीचरच्या हातातून माइक कधीच काढून घेतला होता आणि रांगेत उभ्या राहिलेल्या मुलांना, कोणी कुठे बसायचं, ते एकेकाचं नाव घेऊन सांगत होती. मी पाणी प्यायले आणि बघत राहिले.